मदत हवी आहे : बडोद्यात आलेल्या शिलेदार घराण्याचं मूळ गाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आजोबांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत शिलेदार होते आणि ते 'दक्षिणेतून' आले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. दक्षिणेत नेमके कुठून, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. मूळ गावी एकदा तरी जाऊन खंडोबाची तळी भरायची, ही त्यांची फार इच्छा.

खरी अडचण आडनावाची. आमचं आडनाव इथे आल्यावर हुद्द्यावरून पडलं. नाशिकला उपाध्यांकडे गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न : मूळ गाव, मूळ आडनाव? त्यांच्या वंशावळीच्या वह्या त्यावरूनच लावलेल्या. जे शोधायचंय तेच आधी सांगावं लागतं!

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ बडोदेच आहे. बाकी हाती आहे तो देवघरातल्या पेटीत सापडलेला एक मोडी कागद. एका जाणकारांनी वाचून दिला. त्यावर 'सन खमस अशरीन मयातैन व अलफ' आहे, म्हणजे सुहूर सन १२२५, आपलं १८२४-२५. तेव्हा गादीवर दुसरे सयाजीराव होते. नाव आणि 'शिलेदार' स्पष्ट आहे. पुढे 'मौजे', आणि नेमकी तिथेच कागदाची घडी झिजली आहे. 'पा'सारखं काहीतरी दिसतं. बाबा म्हणतात पाली, कारण पालीचा खंडोबा. मला एवढ्यावर गाव ठरवायचं नाही. 'पा'ची गावं कितीतरी असतील.

बडोद्याच्या कोठी इमारतीतल्या सरकारी अभिलेखागारात फौजेचे जुने कागद कुणी पाहिले आहेत का? नुसत्या नावावरून रुमाल (जुन्या कागदांचं बांधलेलं गाठोडं) मागता येतो का? आणखी कुठे बघावं?

प्रतिसाद

कागदाचा चांगल्या उजेडात फोटो काढा आणि दुसऱ्या मोडी वाचकाला दाखवा, पण 'पाली' हा शब्द त्याच्यासमोर काढू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत. एकदा गाव कानावर पडलं की डोळ्यांना तेच दिसतं.

अभिलेखागारात नावापेक्षा साल आणि पथक सांगा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा दुसऱ्याचा मिळे. त्यामुळे शिलेदाराचा हिशेब वेगळा असतो. मराठी फौजेत स्वाराचा आणि घोड्याचा चेहरा, म्हणजे ओळखीचं वर्णन, लिहून ठेवायची पद्धत होती. त्यात बापाचं नाव आणि गाव सापडू शकतं. पथक कुणाचं होतं, हे कागदावर आहे का?

त्याआधी एक करा. आजीच्या माहेरी विचारा. सोयरीक जुळवताना कुळी, देवक, मूळ गाव विचारल्याशिवाय बोलणं पुढे जात नसे. तुमच्या घरी विसरलं गेलं ते व्याह्यांच्या घरी लक्षात असू शकतं. नर्मदाकाठच्या चांदोद तीर्थाच्या उपाध्यांकडेही चौकशी करा. तिथे तुम्हाला आजच्या आडनावानेच ओळखत असतील.

धागाकर्ता

मनापासून आभार. आजीचं माहेर ग्वाल्हेरचं, तिथे विचारायचं सुचलंच नव्हतं. तिच्या भावाच्या घरी जुन्या पत्रांची ट्रंक अजून आहे. आज रात्रीच फोन करते. पथकाचं नाव कागदावर आहे, फक्त पहिलं अक्षर पुसट आहे. फोटो उद्या टाकते. मोडी वाचणाऱ्यांनी कृपया बघावा.