मदत हवी आहे: शिवराईची आवड वाढली, पण जुन्या संग्राहकाने आता करायचं काय?

नमस्कार मंडळी,

गेली बावीस वर्षं मी शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, जमवतोय. राहतो साताऱ्यात, महिन्या-दोन महिन्यांनी बुधवार किंवा रविवार साधून पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. सुरुवातीला तिथे शिवराया तराजूत घालून, तांब्याच्या भावाने मिळायच्या. घरी आणून एकेक भिंगाखाली धरायची. एकीवर नुसतं 'छत्र', दुसरीवर 'पति', तिसरीवर 'श्री राजा' आणि खालचं 'शिव' कडेबाहेर गेलेलं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण अक्षरं क्वचितच उमटायची. म्हणून तर एकीसारखी दुसरी नसते, आणि म्हणूनच मी यात अडकलो.

२०२४ मध्ये राज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली. त्याच्या आधीपासूनच लोक शिवराई विचारायला लागले होते, त्यानंतर तर बाजाराचा रंगच पालटला. कुणाला देव्हाऱ्यात ठेवायची असते, कुणाला लॉकेटमध्ये बसवायची असते. मला याचा खरंच आनंद आहे. महाराजांचं नाणं लोकांना हातात धरावंसं वाटतं, यात वाईट काय? पण आता पेशवाईतली दुदांडी (दोन आडव्या रेघांची) शिवराई, तीही घासून गुळगुळीत झालेली, मला दीडशेच्या खाली कुणी देत नाही. चांगल्या अक्षरांच्या जुन्या शिवराईचा भाव ऐकून तर मी हात मागे घेतो. मला 'छत्रपति'च्या वेगळ्या लेखनाच्या अजून चार-पाच हव्या आहेत. बहुतेक आता त्या मिळायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त लागली. शेजारचा नववीतला मुलगा आजीच्या डब्यातल्या अकरा शिवराया घेऊन आला. व्हिडिओ पाहून त्याने त्या चिंच-मिठाने लख्ख घासल्या होत्या. शे-दीडशे वर्षांची काळसर झळाळी एका दुपारी गेली. त्याचा पहिला प्रश्न, "काका, किती लाख मिळतील?" मी रागावलो नाही. भिंग हातात दिलं आणि म्हटलं, अक्षरं शोध. अर्ध्या तासाने त्याला 'पति' सापडलं आणि तो ओरडलाच. आता दर रविवारी येतो, पैशांचं काही विचारत नाही. पण त्याच्या खाऊच्या पैशांत आज एक धड शिवराई येत नाही. मी आज त्याच्या वयाचा असतो, तर हा छंद मला परवडलाच नसता.

आता माझी अडचण. माझ्याकडे साठेक जादा शिवराया आहेत. एक व्यापारी सगळ्या एकगठ्ठा घ्यायला तयार आहे आणि रक्कम चांगली सांगतोय. त्या पैशांत मला हव्या असलेल्या एक-दोन येतील. विकू का? आणि खोट्या शिवराया बाजारात आल्यात, त्या ओळखायच्या कशा? मागच्या महिन्यात मीच एक संशयास्पद घेऊन बसलोय.

प्रतिसाद १

दादा, विकायच्या असतील तर विका, पण आधी प्रत्येक शिवराईचं वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो आणि कुठून आली ते लिहून ठेवा. मी नाशिकचा, म्हणून इथल्या जवळच्या जोगळटेंभी गावाचं उदाहरण देतो. १९०६ मध्ये तिथे तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. साठा एकत्र अभ्यासला गेला, म्हणून नहपानाला कुणी हरवलं याचा धातूचा पुरावा आपल्या हाती आहे. तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून फुटली असती तर काय कळलं असतं?

वाढत्या आवडीची मला हीच भीती वाटते. भाव आला की नांगराखाली निघालेलं नाण्यांचं मडकं जिल्हाधिकाऱ्यांकडे जायच्या आधी मोबाइलवर विकलं जातं. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कळवावंच लागतं, पण गावात हे ठाऊक किती जणांना? त्या मुलाला हेही शिकवा. आणि जमलं तर त्याला अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत घेऊन या, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच आहे.

प्रतिसाद २

मी ब्रिटिशकालीन रुपये जमवतो, माझा अनुभव थोडा वेगळा. पूर्वी गावातला एकच दलाल जे दाखवेल ते आणि सांगेल तो भाव. आता लिलावांचे फोटो घरबसल्या दिसतात, कुठलं नाणं खरोखर दुर्मिळ आहे ते कळतं. हा फायदा जुन्यांनाच जास्त झाला, कारण बघायचं काय ते आपल्याला आधीच माहीत होतं.

तोटा सांगायचा तर, व्हिक्टोरियाच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजन आणि ९१.७ टक्के चांदी. चांदी किलोला लाखावर गेली तेव्हा आमच्याकडच्या सराफाने किती रुपये मुशीत घातले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो सांगून 'नोंदणी फी' उकळणारे! रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की आमच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी कमिशन मागणाऱ्यांना भुलू नका. तरी माझ्या मावशीने पैसे भरलेच.

खोट्याबद्दल: रुपयाला वजन आणि पाणी पुरतं. दोऱ्याने पाण्यात टांगला की खरा रुपया सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरतो. शिवराईला वजनाची खूण चालत नाही, तिची वजनं मुळातच कमीजास्त. तिची कड पाहा. ओतीव असेल तर बारीक छिद्रं आणि सांध्याची रेघ दिसते. सगळ्यात पक्की खूण म्हणजे जुळी नाणी. हातोड्याने पाडलेल्या दोन शिवराया एकाच ठिकाणी तुटलेल्या अक्षरांच्या, एकाच चिरेच्या असत नाहीत. तशा दोन दिसल्या तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जुळ्यांची खूण वाचून लगेच डबा काढला. संशयित शिवराईची जुळी माझ्याकडे नाही, पण त्याच दुकानात तशीच एक पाहिल्याचं आठवतंय. 'राजा'तल्या 'जा'चा काना तिथेही तसाच कापलेला होता.

एकगठ्ठा विकायच्या नाहीत, हे ठरवलं. आधी नोंदी. वजनकाटा मी वाचीन, वही तो मुलगा लिहील, त्याचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. त्यातल्या दहा त्याला तांब्याच्या जुन्या भावाने देणार, फुकट दिल्या तर आई परत करायला लावेल. उरलेल्यांच्या बदल्यात कुणाकडे 'छत्रपति'चं वेगळं लेखन असलेली शिवराई असेल, तर अदलाबदल करायला मी साताऱ्याहून कुठेही येईन.

आणि एक विनंती. ओतीव शिवराईच्या कडेचा जवळून काढलेला फोटो कुणाकडे आहे का? माझ्या शिवराईच्या कडेवर एक रेघ दिसतेय, पण ती सांध्याची की नुसता ओरखडा, हे मला ठरवता येत नाहीये.