मदत हवी आहे: हॅरोच्या कौन्सिल निवडणुकीत पोस्टाने मत कसं द्यायचं?

मालविका_एच: लंडनमध्ये ७ मे २०२६ ला बरो कौन्सिलच्या (स्थानिक पालिकांच्या) निवडणुका आहेत. आम्ही हॅरोत राहतो, तिघांचेही पासपोर्ट भारतीय. मी २२ एप्रिलला नाशिकला जातेय, १२ मेला परत. सासूबाईंना गुडघ्यामुळे पोलिंग स्टेशनपर्यंत चालवत नाही. त्यांच्याकडे नॅशनल इन्शुरन्स नंबर (ब्रिटनमधला कर आणि सामाजिक सुरक्षेचा क्रमांक) नाही आणि सही त्या मराठीत करतात. नवरा इथेच असेल. माझी मतपत्रिका नाशिकला मागवता येईल का?

हॅरोकर: मागवता येते, पण मागवू नका. उमेदवारी अर्जांची मुदत ९ एप्रिलला संपते, मतपत्रिका त्यानंतरच छापतात. पाकीट नाशिकला जाऊन ७ मेच्या रात्री १० च्या आत कौन्सिलच्या हातात परत पडायला हवं. पोस्टाचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे हे कोणी बघत नाही, पाकीट उशिरा आलं की मत बाद.

तुमच्यासाठी प्रॉक्सी बरी, म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्याने मत द्यायचं. नवऱ्याला प्रॉक्सी नेमा. अर्ज ऑनलाइन होतो, मुदत २८ एप्रिल, संध्याकाळी ५. त्यांनी स्वतःचं फोटो ओळखपत्र न्यायचं (भारतीय पासपोर्ट चालतो) आणि दोन्ही मतं द्यायची. मात्र तुमच्या नावावर आधीच पोस्टल व्होट असेल, तर तो बदलून प्रॉक्सी करायची मुदत २१ एप्रिल, संध्याकाळी ५ हीच आहे. विमानात बसण्याआधी हे बघाच.

आणि हक्काबद्दल कुणाला शंका असेल तर: भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलच्याच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. फक्त मतदार यादीत नाव हवं. नोंदणीची शेवटची तारीख २० एप्रिल.

शुभदा_न: सासूबाईंना पोस्टल व्होटच योग्य. अर्ज २१ एप्रिल, संध्याकाळी ५ पर्यंत, पण त्यांच्या बाबतीत शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नॅशनल इन्शुरन्स नंबर नसेल तर अर्जात तसं कारण लिहायचं. मग कौन्सिल पासपोर्टसारखा पुरावा मागते आणि त्यात दिवस जातात.

सही मराठीत असली तरी काही बिघडत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करून घ्या, रेघांची वही नको. फोटो खिडकीशी काढा, मोबाइलची सावली सहीवर पडू देऊ नका. पुढे मतपत्रिकेसोबत स्टेटमेंट, म्हणजे सही आणि जन्मतारीख लिहायचा फॉर्म, येतो; त्यावरची सही याच फोटोशी ताडून बघतात, म्हणून तिथेही सही मराठीतच हवी. इथे इंग्रजीत करावी असं वाटून लिपी बदलली तर मत बाद होऊ शकतं. हात थरथरत असेल आणि एकसारखी सही जमतच नसेल, तर सहीतून सूट मागता येते.

मालविका_एच: खूप आभार. पाकीट आल्यावर नेमकं काय करायचं? आणि ते नवऱ्याने नेऊन दिलं तर चालेल ना?

हॅरोकर: आत मतपत्रिका, स्टेटमेंट आणि 'ए' व 'बी' अशी दोन पाकिटं असतात. मतपत्रिकेवर उमेदवारासमोर फुली मारायची. हॅरोत वॉर्डाप्रमाणे दोन किंवा तीन नगरसेवक निवडायचे असतात, किती फुल्या चालतील ते वर छापलेलं असतं. नाव किंवा सही मतपत्रिकेवर नको. ती 'ए' मध्ये घालून बंद करायची. स्टेटमेंट 'ए' मध्ये नाही, 'ए' सोबत 'बी' मध्ये.

सगळ्यात जास्त चुका स्टेटमेंटवरच्या तारखेत होतात. तिथे जन्मतारीख मागितलेली असते आणि माणसं सवयीने आजची तारीख लिहून मोकळी होतात. सही सासूबाईच करतील, पण तारीख लिहिताना कुणीतरी शेजारी बसा.

'बी' ला तिकीट लागत नाही, लाल पेटीत टाकलं की झालं. नवऱ्याने हातोहात द्यायचं असेल तर पोलिंग स्टेशनवर किंवा कौन्सिलच्या काउंटरवर द्यावं आणि तिथला फॉर्म भरावा. फॉर्म न भरता ठेवलेलं किंवा कौन्सिलच्या दारातल्या पेटीत सरकवलेलं मत मोजलं जात नाही. एका माणसाला स्वतःचं सोडून आणखी पाच जणांची पाकिटं देता येतात. प्रचाराला आलेल्या कार्यकर्त्याकडे मात्र देऊ नका, दुसऱ्याचं पोस्टल मत हाताळायला त्यांना कायद्याने बंदी आहे. घरच्या माणसाचं किंवा ते ज्याची देखभाल करतात त्याचं असेल तरच अपवाद.

शुभदा_न: पाकीट आलंच नाही तर ३० एप्रिलपासून कौन्सिलकडून दुसरं मागता येतं, मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत.

हा धागा वाचणाऱ्या जुन्या पोस्टल मतदारांसाठी एक: ज्यांनी ३१ ऑक्टोबर २०२३ च्या आधी कायमचा पोस्टल व्होट घेतला होता, त्यांची सोय ३१ जानेवारी २०२६ ला संपली. नवा अर्ज केला नसेल तर पाकीट येणारच नाही. २१ एप्रिलच्या आत अर्ज करा, आणि तोही चुकला तर फोटो ओळखपत्र घेऊन थेट पोलिंग स्टेशनवर जा.