ब्रॅम्ली सफरचंदाचे जुने झाड : फांद्या उदंड, फळे मात्र नाहीत

परसदार_नॉटिंगहॅम

सप्रेम नमस्कार. नॉटिंगहॅमजवळ आम्ही घेतलेल्या घराच्या परसात ब्रॅम्लीचे, म्हणजे शिजवून खाण्याच्या आंबट सफरचंदाचे, एक जुने झाड आहे. आधीच्या मालकांच्या काळापासून माळी दर हिवाळ्यात त्याची टोके चहूबाजूंनी सारखी कापतो. मे महिन्यात फुले बेताचीच येतात, ऑक्टोबरात चार-दोन फळे मिळतात आणि उन्हाळाभर छडीसारखे सरळ फुटवे मात्र माणूसभर उंच वाढतात. हे झाड काढून नवे लावावे, असा शेजाऱ्यांचा सल्ला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कलमवाला

ताई, झाड काढू नका. आपण वर्णन केलेला दोष झाडाचा नसून करवतीचा आहे. ब्रॅम्लीची बरीचशी फळे गेल्या वर्षीच्या आखूड फांद्यांच्या टोकाशी धरतात, त्यामुळे टोके सरसकट छाटली की येणारे फळही त्यांच्याबरोबर जाते. शिवाय ही जात मुळातच जोरकस असल्याने हिवाळ्यात जितके जास्त कापाल तितके ते पानसोट, म्हणजे आपण सांगितलेले सरळ उभे फुटवे, त्वेषाने फुटतात. यंदा टोकांना हात न लावता, दाटीतल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काही फांद्या त्या जिथून फुटल्या तिथूनच काढाव्यात आणि एका हिवाळ्यात पाचव्या हिश्श्याहून अधिक विस्तार कमी करू नये. पानसोटांपैकी निम्मे-अधिक जुलै-ऑगस्टमध्ये काढावेत, कारण उन्हाळी छाटणीने वाढीचा जोर ओसरतो; उरलेले दोरीने आडवे वाकवून बांधले तर तेच पुढे फळ देतील.

आपण तर या झाडाच्या माहेरीच राहता. साउथवेल गावात १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने बिया पेरल्या, त्यांतून मूळ झाड उगवले. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले आणि १८५६ मध्ये रोपवाटिकेच्या हेन्री मेरीवेदर यांनी कलमांसाठी फांद्या मागितल्या, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे, एवढी एकच अट त्याने घातली. लावणारीचे नाव मागे पडले, हे काही मला रुचत नाही.

लेस्टरकर

छाटणीविषयी वरील मताशी मी सहमत आहे, परंतु परागीभवनाचा मुद्दा राहून गेला. ब्रॅम्ली त्रिगुणित जातीचे आहे, म्हणजे त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे त्याचे परागकण जवळजवळ निरुपयोगी ठरतात. त्याला दुसऱ्या झाडाकडून पराग घ्यावा लागतो, पण परतफेड करता येत नाही. म्हणूनच जोडीला एक नव्हे, तर एकमेकांना पराग देऊ शकतील अशी दोन झाडे असावीत, असे सांगतात. जेम्स ग्रीव्ह आणि वुस्टर पेअरमेन या सफरचंदाच्या दोन्ही जाती त्याच सुमारास फुलतात. अर्थात शहरी वस्तीत कुंपणापलीकडे कोणाचे तरी सफरचंद किंवा रानसफरचंद फुललेले असतेच, तेव्हा नवे रोप विकत घेण्यापूर्वी मे महिन्यात आजूबाजूच्या बागा पाहून घ्याव्यात. त्याच दिवसांत रात्री हिमतुषार पडले, तर ब्रॅम्लीची फुले चटकन करपतात, हेही लक्षात ठेवावे.

परसदार_नॉटिंगहॅम

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कुंपणाला लागून रानसफरचंद आहे, म्हणजे प्रश्न बहुधा छाटणीचाच असावा. तरीही झाड दगावले तर हाताशी असावे म्हणून त्याचेच कलम करता येईल का? आमच्याकडे याचा मेथांबा होतो आणि कैरीची आठवण त्यावरच भागवतो.

कलमवाला

अवश्य करता येईल. जानेवारीत पेन्सिलीच्या जाडीची, गेल्या हंगामात वाढलेली निरोगी काडी काढून ओलसर कागदात गुंडाळावी, शीतकपाटात ठेवावी आणि मार्चमध्ये जिभली कलम (काडी आणि खुंट तिरपे कापून, जिभेसारख्या खाचा एकमेकांत अडकवून केलेले) बांधावे. खुंट, म्हणजे ज्या मुळे असलेल्या रोपावर काडी बांधायची तो, एम ९ किंवा एम २६ या झाड ठेंगणे ठेवणाऱ्या प्रकारांचा निवडावा. जोरकस एम २५ वर ब्रॅम्ली लहान परसाला झेपणार नाही. मेथांब्यासाठी मात्र फोडी मोठ्या ठेवाव्यात आणि गूळ विरघळताच भांडे उतरवावे, कारण या सफरचंदाचा गर उकळी लांबली की पार विरघळून जातो. डाग नसलेली फळे एकमेकांना न लागतील अशी वर्तमानपत्रात गुंडाळून थंड, काळोख्या खोलीत ठेवल्यास मार्चपर्यंत टिकतात; अधूनमधून चाळून नासके फळ तेवढे बाजूला काढावे.