मदत हवी आहे: कॅम्परचा अल्टरनेटर मोठा करायचा आहे, ठाण्यात कोण करून देईल?

माजिवडा_कॅम्पर
गणपतीला गावी कॅम्परनेच जायचं आहे आणि मागची बॅटरी काही केल्या भरत नाही. दिवसभर गाडी चालवली तरी रात्री फ्रीज बंद. गॅरेजवाला म्हणतो डायनामो (म्हणजे अल्टरनेटरच) छोटा पडतोय, १२० अँपिअरचा टाका. त्याच्याकडे दुसऱ्या गाडीचा सेकंडहँड आहे, ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवून देतो म्हणाला. ठाणे किंवा नवी मुंबईत हे काम नीट करणारं कोणी माहीत आहे का? खर्च किती येतो? जरा लवकर सांगा, हातात दिवस नाहीत.

घोडबंदर_रायडर
सोलर लावा. माझ्या टपावर ४०० वॅट आहे, डायनामोकडे बघतही नाही.

कोपरखैरणे_वायरमन
गाडी कुठली? साल? मागची बॅटरी लेड-ॲसिड की लिथियम, किती अँपिअर-अवरची? पुढून मागे वायर कशी नेली आहे? एवढं कळल्याशिवाय जो कोणी सांगेल तो अंदाजच सांगेल.

माजिवडा_कॅम्पर
गाडी ट्रॅव्हलर, २०१२ ची. बॅटरी लिथियम, २०० ची. मध्ये रिले आहे, इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात.
सोलरचं म्हणाल तर भाद्रपदात कोकणात ऊन कुठून आणू? शिवाय इथे गाडी सोसायटीत पोडियमखाली असते. फ्रीज चैनीसाठी नाहीये, आईचं महिन्याभराचं इन्सुलिन त्यात असतं. मला फक्त चांगला माणूस सुचवा.

नेरूळ_डिझेल
लिथियम आहे म्हणजे गॅरेजवाला बरोबर सांगतोय. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, जुना डायनामो तापून जळेल. मी माझ्या गाडीत मोठा टाकलाय, उत्तम चाललाय. बेधडक टाका.

कोपरखैरणे_वायरमन
डायनामो तापतो हे खरं. पण मोठा टाकून तुमची अडचण सुटणार नाही. १२० हा आकडा इंजिन वेगात फिरत असताना मिळतो. वडखळला किंवा माणगावला गाड्यांच्या रांगेत तासन् तास स्लोवर उभे राहाल तेव्हा त्याच्या निम्माही मिळत नाही. त्यात पाऊस, म्हणजे हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. दोन हेडलाइटचेच नऊएक अँपिअर होतात.

आज एवढं करा. इंजिन चालू ठेवून पुढच्या आणि मागच्या बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. वायर किती स्क्वेअर एमएमची, म्हणजे किती जाड आहे बघा. आणि टॉर्च घेऊन डायनामोच्या पाठीमागे व्हॅक्यूम पंप बसवलेला आहे का तेही बघा. हे शेवटचं विसरू नका.

बेलापूर_आरटीओवाला
आरसीवर कॅम्पर अशी नोंद आहे का? कलम ५२ खाली परवानगीशिवाय गाडीत बदल चालत नाही. आधी वाशीला जाऊन विचारा.

नेरूळ_डिझेल
डायनामोची नोंद आरसीवर नसते हो. आणि ठाण्याच्या गाडीला वाशीला कशाला पाठवताय?

कणकवलीचा_भाचा
मूळ प्रश्न रांगेचा असेल तर रस्ताच बदला. एक्सप्रेसवेने पुणे, तिथून कोल्हापूर, राधानगरीवरून फोंडाघाट उतरलात की थेट कणकवली. आम्ही गणपतीत कधीच गोवा हायवेने जात नाही.

माजिवडा_कॅम्पर
गाव गुहागरकडे आहे, कोल्हापूरवरून उलटं पडेल.

मोजलं. पुढे १४.१, मागे १३.१. वायर ६ एमएम, साधारण पाच मीटर. डायनामोच्या मागे पंप आहे. एक जाड रबरी पाइप ब्रेकच्या बूस्टरकडे जातो आणि तेलाच्या दोन नळ्या इंजिनाकडे. गॅरेजवाल्याच्या डायनामोला मागे काहीच नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, तो पाइप बंद करून टाकू.

कोपरखैरणे_वायरमन
तो पाइप अजिबात बंद करू देऊ नका! पेट्रोल गाडीत बूस्टरला, म्हणजे पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, म्हणून तिथे तो मिळत नाही आणि वेगळा पंप लावावा लागतो. तुमच्या गाडीत तो पंप डायनामोच्याच शाफ्टवर फिरतो. डायनामो बदलून पंप गेला की बूस्टर मेला. ब्रेक पेडल दगडासारखं होईल, दोन्ही पाय लावले तरी गाडी लवकर थांबणार नाही. मागे आई बसलेली असताना परशुराम घाट उतरताना हे नको.

नेरूळ_डिझेल
विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप मिळतो की, तो लावायचा.

कोपरखैरणे_वायरमन
मिळतो, पण त्याला स्विच, टाकी, धोक्याचा दिवा हे सगळं लागतं. गणपतीच्या तोंडावर घाईत करायचं काम नाही. ब्रेकच्या बाबतीत मी मागे हटणार नाही.

आता बॅटरीकडे या. एक व्होल्ट वायरीतच जातोय. पाच मीटर जायला, पाच यायला, ६ एमएम तांबं, तीस अँपिअरला एवढी घट येतेच. आणि लिथियम अर्धी रिकामी असली तरी १३ च्या वर दाखवते, पूर्ण भरायला १४ च्या पुढे लागतात. म्हणून ती कधी भरतच नाही. रिले काढा, २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर मागच्या बॅटरीजवळ लावा. व्होल्ट तो वाढवून देतो आणि करंटला लगाम घालतो, त्यामुळे जुना डायनामोही वाचतो. वायर १६ एमएम घ्या, दोन्ही बॅटऱ्यांपाशी ४० चा फ्यूज. सहा तास गाडी चालली तर १०० च्या वर अँपिअर-अवर बॅटरीत जातील. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला ४० ते ६० खातो.

घोडबंदर_रायडर
एवढ्या पैशात सोलर झालं असतं.

वाशीची_फार्मासिस्ट
इन्सुलिनबद्दल सांगते. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही, गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं. गाडीतला फ्रीज तळाशी जास्त थंड असतो, म्हणून वरच्या बाजूला, थर्मामीटर लावून ठेवा. वापरात असलेलं पेन फ्रीजमध्ये ठेवायची गरज नसते, उन्हापासून जपा.

माजिवडा_कॅम्पर
आभार, हे कोणीच सांगितलं नव्हतं. डायनामोचं काम रद्द केलं. चार्जर मागवतो. १६ एमएमच्या वायरीच्या टोकांना लग (टर्मिनलला जोडायच्या टोप्या) हातोडीने ठोकलेले चालतील का?

कोपरखैरणे_वायरमन
नाही, सैल राहतात आणि तापतात. हायड्रॉलिक क्रिम्पिंग करून, म्हणजे मशीनने दाबून घ्या, रबाळे-महापे एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये मशीन असतं. वायर मापाने कापून न्या. आणि निघायच्या आदल्या रात्री घरच्या प्लगवर लिथियमच्या चार्जरने बॅटरी पूर्ण भरा. मग गाडी रांगेत रखडली तरी नुसता फ्रीज तीन दिवस चालेल.