पंपाच्या 'हेड'ला मराठीत काय लिहावं?

ओलीत
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना संध्याकाळी शिकवतो. बहुतेक जण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, म्हणून यामिकी (मेकॅनिक्स) आणि द्रवांच्या भागाची टिपणं मराठीत करायला घेतली. बल, संवेग, त्वरण, जडत्व हे शाळेतलेच शब्द, तिथं काही अडलं नाही. अडलं ते बर्नुलीच्या समीकरणापाशी, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ऊर्जेच्या हिशेबापाशी.

त्यात तीन हेड, म्हणजे उंचीच्या मापात सांगितलेल्या तीन ऊर्जा, येतात: दाबाचं, वेगाचं आणि जागेच्या उंचीचं. तिन्ही मीटरमध्ये मोजायची. म्हणून मी सरळ 'उंची' लिहिलं, तर तिसरी झाली 'उंचीची उंची'. खोडलं आणि 'शीर्ष' लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक पोरगा म्हणाला, "सर, शीर्ष म्हंजे मोटरच्या प्लेटवर लिवलेलं हेड, तेच का?" त्याच्या घरी ५ एचपीची मोटर आहे. पाइप टेकडावरच्या वावरात नेला की धार कशी बारीक होते, हे तो लहानपणापासून पाहत आलाय. माझ्या 'शीर्ष'नं त्याच्या हातातला शब्दच काढून घेतला, असं मला वाटलं. काय लिहावं?

शब्दवेल्हाळ
'शीर्ष'च ठेवा. दाबशीर्ष, वेगशीर्ष, स्थानशीर्ष. घर्षणानं जे जातं ती शीर्षहानी. बघा, एका शब्दातून चार शब्द विनासायास निघाले. 'हेड'ला असे कोंब फुटत नाहीत. नवा शब्द आधी परकाच वाटतो. 'गुरुत्वाकर्षण' कुणी पाळण्यात ऐकलेला नसतो, तरी सातवी-आठवीतलं पोर आज तो बिनदिक्कत वापरतं. मुलांना अवघड जाईल म्हणून आपणच शब्द द्यायचे थांबलो, तर पुढच्या पिढीकडे मराठीत विचार करायला सामानच उरणार नाही.

पाटकरी
कालव्यावर ३१ वर्षं काढली, म्हणून सांगतो. 'शीर्ष' आमच्याकडे आधीच कामाला लागलेला आहे. शीर्षकामं म्हणजे कालव्याच्या तोंडाशी केलेलं दारांचं, भिंतींचं बांधकाम. आणि पाणीवाटपाच्या बैठकीत 'हेड' म्हणजे वरच्या अंगाचे शेतकरी, 'टेल' म्हणजे शेवटचे, ज्यांच्यापर्यंत पाणी पोचता पोचत नाही. तुमच्या पोरांपैकी एखादा उद्या जलसंपदा खात्यात लागला की त्याच्यापुढे तीन-तीन हेड आणि दोन शीर्षं येतील.

दुसरं. सिंभोऱ्याच्या धरणाचं कागदावरचं नाव 'ऊर्ध्व वर्धा'. इतक्या वर्षांत गावातल्या एकाही माणसाच्या तोंडून मी 'ऊर्ध्व' ऐकलं नाही. अप्पर वर्धाच. खाली धनोडीचं 'निम्न वर्धा', तेही लोअर वर्धाच.

शब्दवेल्हाळ
पाटकरीभाऊ, पण कागदावर 'ऊर्ध्व' टिकला ना? टिपणं म्हणजे कागदच. बोलताना त्यांनी हेड म्हणावं, माझी हरकत नाही. लिहिताना मराठीला तिची जागा द्या.

संत्र्याची बाग
मी वरूडकडची. आमच्या बागेत आई रात्री लाइन आली की पाइपापाशी उभी राहायची आणि ओरडायची, "पाण्याले जोर नाही राह्यला वं, वरचा कॉक बंद कर!" हेडसाठी 'जोर' का नको? जोराचं पाणी, बिनजोराचं पाणी, सगळ्यांना कळतं. आमचे शब्द वावरात चालतात, पण पुस्तकात आले की त्यांना गावंढळ म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ओलीत
ताई, 'जोर' माझ्याही मनात आला होता. पण तो दोन गोष्टींना लागतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरा. धार लांब जाते, आपण म्हणतो जोर वाढला. पण बादली लवकर भरत नाही, उलट थोडा उशीरच लागतो. जोर वाढला धारेचा, पाणी नाही वाढलं. पोरांना नेमकं हेच वेगळं करून शिकवायचं आहे. ५ एचपी म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ३० मीटर हेडला सेकंदाला साडेसात लिटर पाणी येईल, ४० मीटरला पावणेसहाच. एक वाढलं की दुसरं घटतं. 'जोर' दोन्हीकडे वापरला तर हे वाक्यच लिहिता येत नाही.

तुडुम
आमच्याकडे, भंडारा-गोंदियात, ही गोष्ट मामा तलावांत दगडात बांधलेली आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. यातले कितीतरी तलाव कोहळी लोकांनी बांधले. पाणी सोडायच्या जागेला आम्ही तुडुम म्हणतो. माझ्या आजोळच्या तलावाच्या तुडुमाला खाली-वर अशी भोकं होती, प्रत्येकात लाकडाचा दट्ट्या. आजोबा सगळ्यात वरचा दट्ट्या आधी काढायचे. पाणी त्याच्याखाली गेलं की मग पुढचा. लहानपणी मी विचारलं होतं, एकदम खालचाच का नाही काढत? ते म्हणाले, "खालचा काढला त बांधी फोडून जाईन पानी." बांधी म्हणजे धानाचं वावर.

भोकातून पडणाऱ्या धारेच्या वेगाचं टॉरिसेलीचं सूत्र शिकलो तेव्हा ते आठवलं. भोकावर १ मीटर पाणी असेल तर धारेचा वेग सेकंदाला ४.४ मीटर, ४ मीटर असेल तर ८.९. चौपट उंचीला दुप्पट वेग. आजोबा याला 'वरचं पानी' म्हणायचे. "भोकावर वरचं पानी किती हाय?" हेच हेड. शब्द म्हणून पुस्तकात चालेल का, माहीत नाही, पण मला यापेक्षा नेमकं अजून सापडलेलं नाही.

ओलीत
'वरचं पानी' वाचून खूप वेळ थांबलो. स्थिर पाण्याला अगदी चपखल आहे. वेगाच्या हेडला मात्र कसं लावणार? पाइपात पाणी सेकंदाला २ मीटरनं धावत असेल, तर त्याचं हेड २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. तिथं वर पाणी नसतंच. तेवढ्या वेगानं ते किती वर चढू शकलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

द्रव नव्हे द्रायू
मूळ पोस्टमध्येच एक चूक आहे आणि कुणी बोललं नाही. 'द्रवांचा भाग' म्हटलंय. या विषयात वायूही येतात. द्रव आणि वायू मिळून 'द्रायू', हा शब्द मराठी विश्वकोशात आहे, तिथं द्रायुयामिकी अशी नोंदच आहे. १९७६ला ज्याचा पहिला खंड निघाला, त्या कामात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्यांनी घातलेली मेहनत आपण अशी विसरायची?

पाटकरी
द्रायू कुणाच्या तोंडी आहे? 'प्रवाही' म्हणा.

द्रव नव्हे द्रायू
प्रवाही हे विशेषण. भाषाही प्रवाही असते, लेखनही. आणि साठलेल्या, हलत नसलेल्या पाण्याला प्रवाही म्हणायचं? द्रायू दोन अक्षरांत काम करतो.

शब्दवेल्हाळ
द्रायूला माझा पूर्ण पाठिंबा. 'यामिकी' कुठून आला असेल? संस्कृतात यामिक म्हणजे रात्रीचा पहारेकरी, याम म्हणजे प्रहर. मला वाटतं इथं 'यम्', आवरणं, नियमात ठेवणं, हा धातू असावा. गतीला नियमात बसवणारं शास्त्र.

संत्र्याची बाग
आणि मोटर? मला नेहमी वाटतं की आपल्याकडे मोट होती म्हणूनच 'मोटर' शब्द इतका पटकन रुजला. आजोबा दोन्हीला 'मोट चालू कर' म्हणायचे.

पाटकरी
मोटर लॅटिनमधून आलेला, हलवणं या अर्थाच्या धातूवरून. मोट आपली, चामड्याची. नातं नाही.

संत्र्याची बाग
उगम एक नसेल, भाऊ. पण मी रुजण्याबद्दल बोलतेय. फांदीला जोडायची जागा आधीपासून असेल तर कलम लवकर धरते, हे संत्रावाल्यांना शिकवू नका.

ओलीत
मंडळी, थोडं हेडकडे वळू या? उद्या सकाळी टिपणं झेरॉक्सला द्यायची आहेत. सध्या असं केलंय: पहिल्या पानावर 'हेड', खाली एक वाक्य, "पाण्याची ऊर्जा उंचीच्या मापात सांगितली की त्याला हेड म्हणतात", आणि तुडुमाचं चित्र. शब्दवेल्हाळ, तुमची 'शीर्षहानी' मात्र घेतली, कारण 'हेडहानी' लिहवेना. तेवढंच पाणी तीनऐवजी अडीच इंची पाइपातून नेलं तर ही हानी साधारण अडीच पट होते, हे उदाहरण तिथं दिलंय. एकाच पानावर हेड आणि शीर्ष दोन्ही, हे मला खटकतंय.

शब्दवेल्हाळ
खटकायलाच हवं. मग दोन्हीकडे शीर्ष करा.

तुडुम
किंवा दोन्हीकडे हेड.

धुऱ्यावरून
उशिरा आलो. मोटरची गोष्ट निघालीच आहे म्हणून विचारतो. इहिरीत पाइपाच्या टोकाला जो 'फुटबॉल' लावतात, तो मुळात फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, ना? आणि मोटर पाणी 'ओढते' म्हणतो आपण, पण सर सांगतात की ओढत नाही, बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, म्हणून पाणी मोटरच्या खाली १०.३ मीटरपेक्षा खोल असेल तर कितीही एचपी लावा, येणार नाही. मग 'ओढणे' हा शब्द चूक धरायचा का?

पाटकरी
फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्हच. ओढण्याचं म्हणाल तर, स्ट्रॉनं उसाचा रस पिताना तुम्ही काय करता?