मदत हवी आहे: घर बदललं आणि फिल्टर कॉफीची चव गेली. पाणी, दळण की पूड?

नमस्कार मंडळी,

आमच्या सासऱ्यांची सगळी नोकरी हुबळी-बंगळूरकडे झाली. चहाला ते हात लावत नाहीत, सकाळी फिल्टर कॉफीच लागते. दिवाळीनंतर आम्ही पुण्यातल्याच पेठेतून उपनगरातल्या नव्या सोसायटीत राहायला आलो आणि तेव्हापासून कॉफी बिघडली आहे. बाबा तक्रार करत नाहीत, पण पेला अर्धा तसाच राहतो आणि मला ते बघवत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

भांडं तेच, स्टीलचा दोन मजली फिल्टर. पूड तीच, माटुंग्याच्या दुकानातून भाऊ आणतो: अरेबिका आणि पीबेरी (फळात एकच गोल बी असलेली कॉफी) मिळून ८० टक्के, चिकोरी २० टक्के. प्रमाण तेच, २५ ग्रॅम पुडीला साधारण १५० मिली पाणी. पूड हलक्या हाताने दाबते, वर चकती ठेवते, उकळलेलं पाणी अर्धा मिनिट थांबून गोल फिरवत ओतते. दुधाची पिशवीसुद्धा बदललेली नाही.

जुन्या घरी वीसेक मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरायचं. इथे तासाभरानेही वर पाणी शिल्लक असतं. उतरतं ते काळंकुट्ट, पण वास मंद. पहिल्या घोटाला जो किंचित आंबूसपणा लागायचा तो पार गेला. चव सपाट आणि मागे जिभेवर रेंगाळणारा कडूपणा, जो साखरेनेही जात नाही.

फिल्टर व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केला, उजेडात धरला की सगळी भोकं मोकळी दिसतात. पूड न दाबता करून पाहिली. जाडसर दळून मागवली, तेव्हा उतरायला वेळ कमी लागला, पण कॉफी पातळ झाली आणि सपाटपणा होता तसाच. शेवटी चिकोरी नसलेली चिकमगळूरची अरेबिका फ्रेंच प्रेसमध्ये चार मिनिटं ठेवून केली. तिथे थेंब थेंब गळण्याचा प्रश्नच नसतो, तरी चव सपाटच!

त्यामुळे संशय पाण्यावर येतो. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी एकत्र होऊन सॉफ्टनरमधून येतं. पण किटलीत पांढरा थर अजिबात धरत नाही, पेठेत थोडा तरी धरायचा. मग हे पाणी उलट जास्त चांगलं नको का? प्यायला आरओ आहे, कॉफीला मात्र पूर्वीसारखंच नळाचं पाणी घेते. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
भाऊ महिन्याची पूड एकदम आणतो का? दळलेल्या कॉफीचा वास फार लवकर उडतो. शक्य असेल तर बिया आणा आणि लागतील तशा दळा. आणि रंगावर जाऊ नका, चिकोरीने डिकॉक्शन काळं दिसतंच, ते कडक झालंय असा त्याचा अर्थ नाही.

धागाकर्ती:
पाव किलोच आणतो, हवाबंद डब्यात ठेवते. पेठेतही असंच चालायचं, म्हणून पुडीवर संशय कमी आहे.

प्रतिसाद:
ताई, गोम सॉफ्टनरमध्ये आहे. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. थर धरत नाही तो यामुळे. पण बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तसंच राहतं. साधं जड पाणी उकळलं की त्यातलं बरंचसं बायकार्बोनेट कॅल्शियमबरोबर थर होऊन बसतं. तुमच्याकडे कॅल्शियमच उरलेलं नाही, म्हणून ते उकळूनही जात नाही. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा! अगदी पातळ सोड्याच्या पाण्यात तुमची कॉफी होतेय. अरेबिकाचा आंबूसपणा तिच्यातल्या आम्लांचा असतो, सोडा नेमका तोच मारतो.

असं पाणी पुडीच्या थरातून उतरायलाही वेळ लावतं. पाणी पुडीत जितकं जास्त रेंगाळेल तितका कडूपणा ओढून आणेल. दळण जाडसर केल्यावर वेळ वाचला पण चव आली नाही, फ्रेंच प्रेसमध्येही आली नाही, कारण पाण्यातला सोडा तिथेही होताच.

खात्री करायची तर जुन्या शेजाऱ्यांकडून महापालिकेचं पाणी बाटलीभर आणा. तीच पूड, तोच फिल्टर, बाकी काही बदलू नका. आरओच्या पाण्याचीही एकदा करा. आरओ सोडियम आणि बायकार्बोनेट बरंचसं काढतो, पण फार कमी टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या) पाण्याची कॉफी नीट उतरत नाही. स्पेशालिटी कॉफीवाले टीडीएस लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, ७५ ते २५० चालतो. मात्र आरओचा टीडीएसचा स्क्रू फिरवून वाढवू नका. त्याने तुमचं सॉफ्टनरचंच पाणी परत मिसळेल.

धागाकर्ती:
अगदी बरोबर निघालं! पेठेतल्या काकूंकडून पाणी आणलं. डिकॉक्शन पूर्वीच्याच वेळात उतरलं, आंबूसपणा परत आला आणि बाबांनी आणखी अर्धा पेला मागून घेतला. तुमचे मनापासून आभार. आरओच्या पाण्याने सपाटपणा गेला, पण कॉफी जरा बोचरी आणि हलकी लागते. रोज पेठेतून पाणी आणणं काही जमायचं नाही. खाली पाणी सॉफ्टनरमध्ये जाण्याआधी एक नळ आहे. ते पाणी थोडं आरओमध्ये मिसळलं तर? किती घालू?

प्रतिसाद:
चार भाग आरओला एक भाग ते पाणी, इथून सुरुवात करा आणि टीडीएस मीटरने मोजत वाढवा. पण त्याआधी त्या नळाच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. उकळल्याने जंतू मरतात, बोअरमधलं नायट्रेट जात नाही. अहवाल नीट आला नाही तर त्या नळाचा नाद सोडा आणि आरओला खनिजं परत घालणारं कार्ट्रिज बसवा. मागवताना त्यात मॅग्नेशियम आहे ना, ते विचारा.