स्वीटगम मुंबईत रंगेल का?

बोरिवलीतल्या बंगल्याच्या आवारात लाल पानांसाठी स्वीटगम लावावा का, या प्रश्नावर सगळे खत-मातीचंच सांगताहेत. खरी अडचण थंडी नसण्याची आहे.

हे झाड मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, शिवाय मेक्सिको-ग्वाटेमालाच्या डोंगरांतलं. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडल्या आणि दिवसा स्वच्छ ऊन असलं की पानातलं हरितद्रव्य ओसरतं, साखर पानातच अडकते आणि अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य तयार होतं. आपल्याकडे ऑक्टोबरात काय होतं ते घामाला विचारा! झाड कदाचित जगेल, पण पानं बहुधा पिवळट-तपकिरी होऊन गळतील. त्यात ते २० मीटरच्या वर जातं आणि काटेरी गोल फळं खाली पडतात, अनवाणी पायांना त्रास.

आणि नर्सरीवाला मेपल दाखवून स्वीटगम म्हणाला तर फांदी बघा. मेपलची पानं समोरासमोर येतात, स्वीटगमची एकाआड एक. स्वीटगमचं पान चुरगळलं की राळेसारखा वास येतो.

रंगच हवा असेल तर आपला देशी बदाम काय वाईट आहे? गळण्याआधी एकेक पान शेंदरी, मग गडद लाल होतं, शिरेजवळ थोडा हिरवा राहतो. थंडीची वाटही बघत नाही. जागा ऐसपैस असेल तर कोशिंब लावा, फाल्गुन-चैत्रात कोवळी पालवीच लालभडक येते. मी तरी कोशिंबच निवडेन, फक्त वाढ सावकाश असते हे धरून चाला.